काळी मोली खाऱ्या पाण्यात: हौस की छळ?

दांडियाबाजारकर (धागाकर्ता)

रविवारी सेव-उसळ खाता खाता यावरून दोन मित्रांशी जुंपली, म्हणून इथे विचारतो. माझं म्हणणं असं, की बडोद्यात कुणाला समुद्री टाकी सुरू करायची असेल तर पहिला मासा निमो (पट्ट्यांचा क्लाउनफिश) नको, निळा डॅमसेल हा छोटा समुद्री मासा तर नकोच. काळी मोली घ्यावी.

लोक म्हणतात, गोड्या पाण्यातला मासा मिठात का घालतोस? अहो, मोली ही मेक्सिकोकडची. तिच्यातली शिडासारख्या पराची जात खाडीत, खारफुटीत, भरती-ओहोटीच्या पाण्यात मुळातच राहते. समुद्राच्या दुपटीहून खारट पाण्यातही ती तग धरते. उलट डॅमसेल बहुतेक समुद्रातून पकडून आणलेले असतात, आणि मोठे झाले की टाकीत दुसऱ्याला जगू देत नाहीत.

माझी टाकी ६० लिटरची, आत चार मोल्या. आणल्या तेव्हा बादलीत ठेवल्या आणि सलाईनच्या नळीने वरून खारं पाणी थेंब थेंब सोडलं. सहा तासांत खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५, म्हणजे जवळपास समुद्राइतकं. एकही दगावली नाही. महिन्याभरात एका सकाळी दगडाच्या फटीत डोळे दिसले. नुसते डोळे, मासा नंतर दिसला! मोजली तर बावीस पिल्लं.

आणि खाऱ्या पाण्याचा खरा फायदा तिथेच कळला. आर्टेमिया म्हणजे पिल्लांना खायला घालतात ते कोळंबीसारखे बारीक जीव. त्यांची अंडी मिठाच्या पाण्यात दीड दिवसात फुटतात. गोड्या टाकीत हे जीव काही तासांत मरतात आणि पाणी नासवतात. खाऱ्यात ते संपेपर्यंत जिवंत पोहत राहतात, पिल्लं दिवसभर टिपत बसतात.

बोला आता.

मांजलपूरच्या काकू

दांडियाबाजारकर, चार मासे जगले म्हणून पद्धत बरोबर होत नाही. सहा तासांत तुम्ही पाणी बदललंत, मासा बदलला नाही. गोड्या पाण्यात मासा पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल. अंगात आपोआप शिरणारं पाणी लघवीवाटे फेकत बसतो. खाऱ्यात सगळं उलटं. पाणी प्यायचं आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकायचं. त्यासाठी कल्ल्यांमधल्या पेशींची नव्याने मांडणी व्हावी लागते आणि त्याला दिवस लागतात. तेवढा वेळ तो मासा नुसता सोसत असतो. आपल्याला तो ‘मस्त पोहतोय’ असं वाटतं.

मी आठ-दहा दिवस घेते. रोज थोडं पाणी काढायचं, थोडं खारं घालायचं. पोटुशी मादी तर हलवायचीच नाही, ताणाने अर्धवट पिल्लं टाकते. आणि दुकानातली मादी बहुधा पोटुशीच असते. एकदा नर भेटला की पुढे कित्येक महिने तिला नराची गरज लागत नाही.

शिवाय तुम्ही सांगताय ती खाडीतली मोली. आपल्याकडची काळी मोली तिची तळ्यात वाढवलेली संकरित नात. आजी भरतीत पोहायची म्हणून नातीला ढकलायचं का?

टाकीवाला_गोत्री

काकूंना अनुमोदन, पण माझी तक्रार वेगळी आहे. डॅमसेलच्या जागी मोली घालून टाकी ‘पिकवायची’, म्हणजे मासा घालून नव्या टाकीत जिवाणू बसवायचे, ही कल्पनाच मला पटत नाही. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया साचतो, आणि खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असल्याने तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो. मासा स्वस्त म्हणून त्याच्यावर प्रयोग? रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य टाका, कुजू द्या, वाट पाहा. आपल्याला वाट पाहवत नाही, एवढंच.

दांडियाबाजारकर

टाकीवाला, मी पिकवायला नाही घातल्या. टाकी आधी दीड महिना रिकामीच चालवली, घरचे विचारायचे की या पाण्याची पूजा करतोस का. ते धाग्यात लिहायचं राहिलं, चूक माझी.

काकू, नातीचा मुद्दा झोंबला. पण नात अजून शेवाळ खाते, पिल्लं देते, पर ताठ ठेवते. छळ म्हणावा असं काही दिसत नाही.

नवखा_कारेलीबाग

एक बाळबोध प्रश्न. समुद्री टाकीसाठीच्या मिठाची पुडी महाग आहे. घरचं मीठ चालेल का? किंवा अमावस्येला आम्ही कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला जातो, तिथून दोन कॅन भरून आणले तर? भरतीला अख्खं मंदिर पाण्यात जातं, पाण्याला तोटा नाही.

टाकीवाला_गोत्री

तोटा नाही, पण गाळालाही तोटा नाही! खंभातच्या आखाताचं पाणी ग्लासात धरून बघा, चहासारखं दिसेल. त्यात तिथे मही नदीचं मुख, म्हणजे खारटपणा ऋतूप्रमाणे बदलणार. घरचं मीठ म्हणजे जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम सगळं असतं. हिशोब लिटरला ३५ ग्रॅमचा, ४० लिटरला जवळपास दीड किलो. पुडी घ्या, ‘चालशे’ (चालेल) म्हणू नका.

अलकापुरी_रिटर्न्स

तुम्ही सगळे बडोद्याचा मे विसरलात. बाहेर ४३ अंश, खोलीत ३५. गरम आणि खाऱ्या, दोन्ही पाण्यांत प्राणवायू कमी मावतो. मीठ उडत नाही, पाणी तेवढं उडतं. ६० लिटरमधून रोज एक लिटर गेलं तर पाच दिवसांत लिटरला ३५ ग्रॅम मिठाचं ३८ होतं. आणि आपण गावाला गेलो की घरचे कौतुकाने भर घालतात ती खाऱ्याच पाण्याची! माझ्या टाकीचं असंच वाटोळं झालं. सासरेबुवांनी प्रेमाने केलं, बोलणार कुणाला.

मोल्या त्यातूनही वाचल्या हे मात्र कबूल. बाकी काही वाचलं नाही.

नवखा_कारेलीबाग

आणि पिल्लं फार झाली तर? सुरसागर तलावात सोडून दिली तर पुण्यच लागेल ना?

मांजलपूरच्या काकू

अजिबात नको! डास खाईल म्हणून गॅम्बुसिया मासा १९२८ मध्ये भारतात आणला. तोही पिल्लं देणाराच. आज तो डबकी-विहिरींत सगळीकडे आहे आणि स्थानिक माशांची अंडी-पिल्लं खातो. मोली तर गोडं, खारं, मचूळ, सगळ्यात जगते. विश्वामित्री नदीत मगरी आहेत तेवढ्या पुरेत. पिल्लं वाटा, किंवा दुकानदाराला परत द्या.

दांडियाबाजारकर

अलकापुरी, तुमचं वाचून टाकी मोजली. १.०२८! तीन दिवस बघितलंच नव्हतं. आता आरओचं गोडं पाणी नळीने हळूहळू सोडतोय, आणि टाकीवर पंखा लावलाय. पंख्याने पाणी अजून उडणार, म्हणजे आता रोज मोजणं आलं.

काकू, पुढच्या खेपेला आठ दिवस घेईन. पण पहिली मोलीच, यावर मी ठाम आहे. बावीसपैकी चौदा पिल्लं उरलीत, बाकीची त्यांच्या आयांनीच खाल्ली असावीत. तुम्हाला हवीत?

मांजलपूरच्या काकू

सहा द्या. माझी टाकी गोडी आहे, तेव्हा आणताना तुमचंच पाणी मोठ्या डब्यात भरून आणा. उलट्या दिशेलाही मी आठ दिवसच घेणार.

दांडियाबाजारकर

शनिवारी येतो. नळी पण आणू का?

मांजलपूरच्या काकू

नळी आहे. सेव-उसळ आणा.