स्वतःच्या वेबसाइटवर गिफ्ट कोड विकताना पैसे बुडण्याचे धोके: कुठे आणि कसं अडवायचं?

कोड_काउंटर (प्रश्न)

गेम, अ‍ॅप स्टोअर आणि ऑनलाइन दुकानांचे गिफ्ट कोड स्वतःच्या वेबसाइटवरून विकायचे आहेत. कोड अधिकृत वितरकाकडून घाऊक घेणार. मार्जिन दर्शनी किमतीच्या ४ टक्के. पेमेंट झालं की कोड लगेच ईमेलने जाईल, अशी रचना डोक्यात आहे. कार्ड, वॉलेट, बँक ट्रान्सफर असे तिन्ही पर्याय ठेवायचा विचार आहे.

पेमेंट गेटवेने (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा) "यशस्वी" म्हटलं की पैसे पक्के धरायचे का? ओटीपी टाकून झालेला व्यवहार पूर्ण सुरक्षित असतो का? आणि ग्राहक नंतर "कोड मिळालाच नाही" म्हणाला, तर ईमेल पाठवल्याचा पुरावा बँकेला चालतो का?

हिशोबनीस

आधी आकडेमोड करा, म्हणजे किती कडक राहायचं ते आपोआप कळेल. १००० दर्शनी किमतीचा कोड तुम्हाला ९६० ला पडला आणि गेटवेने २ टक्के, म्हणजे २० कापले, तर हातात उरतात २०. तोच व्यवहार चोरीच्या कार्डावरचा निघाला तर १००० परत जातात, कोड वापरून झालेला असतो आणि गेटवेचं शुल्क सहसा परत मिळत नाही. नुकसान ९८०. ते भरून काढायला ४९ सरळ विक्री लागतात. म्हणजे ५० व्यवहारांत एक जरी बुडाला तरी महिनाभराचा नफा शून्य, आणि चार्जबॅकचा (कार्डधारकाच्या तक्रारीवरून बँक विक्रेत्याकडून पैसे परत घेते त्याचा) दंड वेगळाच.

आता "यशस्वी" या शब्दाबद्दल. त्याचा अर्थ एवढाच की कार्डाच्या बँकेने त्या क्षणी रक्कम मंजूर केली. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन्हींत वाद उपस्थित करायला साधारणपणे १२० दिवसांची मुदत असते. कोड मात्र काही मिनिटांत रिडीम होतो (म्हणजे वापरून टाकला जातो) आणि त्यातली शिल्लक दुसऱ्याच खात्यात जाते. कपडे किंवा फोन विकणाऱ्याला निदान पार्सल वाटेत अडवता येतं, तुमच्याकडे तीही सोय नाही. कार्डचोर गिफ्ट कोडांवर तुटून पडतात ते याचसाठी. माल हलका, पत्ता लागत नाही, आणि दर्शनी किमतीपेक्षा थोडं कमी घेऊन पुढे लगेच विकता येतो.

म्हणून "पेमेंट झालं की लगेच ईमेल" ही रचना सगळ्यांसाठी सरसकट ठेवू नका. नवीन ग्राहक, मोठी रक्कम किंवा संशयास्पद खुणा असल्या तर रक्कम फक्त ऑथराइज करून ठेवा (कार्डावर राखून ठेवा), तपासणी झाल्यावरच कॅप्चर करा (प्रत्यक्ष घ्या) आणि त्यानंतरच कोड द्या. ऑथरायझेशन सहसा काही दिवस टिकतं, त्यामुळे घाई नसते. व्यवहार नाकारायचा ठरला तर ऑथरायझेशन रद्द करायचं. रिफंड नाही, चार्जबॅकही नाही.

थ्रीडी_खिडकी

ओटीपीच्या प्रश्नावर नीट बोलायला हवं, कारण यात बरेच विक्रेते तोंडघशी पडतात.

थ्री-डी सिक्युअरने (ओटीपीसारख्या खुणेने कार्डधारकाची ओळख पटवण्याची कार्ड कंपन्यांची पद्धत) व्यवहार प्रमाणित झाला की "हा व्यवहार मी केलाच नाही" या प्रकारच्या वादाची जबाबदारी साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. व्हिसात हा वाद १०.४ या कोडखाली येतो, मास्टरकार्डमध्ये ४८३७ खाली. पण "माल किंवा सेवा मिळाली नाही" हा वेगळा वाद आहे (व्हिसात १३.१) आणि त्याला थ्री-डी सिक्युअरचं संरक्षण लागू नाही. ओटीपी असो वा नसो, तिथे पुरावा तुम्हालाच द्यावा लागतो.

दुसरं, गेटवेच्या उत्तरात "ईसीआय" नावाचा आकडा येतो, तो प्रत्येक ऑर्डरसोबत साठवा आणि कोड देण्याआधी तपासा. व्हिसात ०५ म्हणजे पूर्ण प्रमाणित, ०६ म्हणजे प्रयत्न झाला, ०७ म्हणजे प्रमाणीकरण नाही. मास्टरकार्डमध्ये हेच अनुक्रमे ०२, ०१ आणि ००. ०७ किंवा ०० आला आणि तरी पेमेंट मंजूर झालं, तर ती जोखीम सगळी तुमच्या डोक्यावर. कोड आपोआप जाता कामा नये.

तिसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. काही गेटवे "कमी जोखमीचा व्यवहार" म्हणून प्रमाणीकरणातून सूट मागतात, म्हणजे ग्राहकाला ओटीपीचा त्रास होत नाही. विक्रेत्याच्या बाजूने मागितलेली सूट मंजूर झाली की फसवणुकीची जबाबदारी परत विक्रेत्याकडे येते. बाकी धंद्यात हे चालून जातं. गिफ्ट कोडांसाठी ही सूट बंद करून घ्या, आणि गेटवेकडून ते लेखी घ्या.

वेबहूक_पहारा

पैशाआधी कोड सुटू नये, यासाठी प्रोग्राममधल्या काही जागा बंद करा.

ब्राउझर "धन्यवाद" पानावर आला म्हणून कोड देऊ नका. ते पान कोणीही थेट उघडू शकतं. गेटवेच्या सर्व्हरकडून आलेला वेबहूक (पेमेंटचा निकाल तुमच्या सर्व्हरला आपोआप कळवणारा संदेश) हाच आधार धरा. त्याची सही तपासा आणि त्यातली रक्कम, चलन आणि ऑर्डर क्रमांक तुमच्या नोंदीशी ताडून बघा. चलन न तपासणं ही नेहमीची चूक आहे: रकमेचा आकडा जुळतो, पण चलन स्वस्तातलं असतं. एकच वेबहूक दोनदा येऊ शकतो, म्हणून प्रत्येक घटनेचा आयडी नोंदवा आणि तोच आयडी पुन्हा आला तर काहीही करू नका. नाहीतर एका पेमेंटवर दोन कोड जातात.

साठ्यातून कोड उचलताना डेटाबेसमध्ये ती ओळ लॉक करा. दोन ऑर्डर एकाच क्षणी आल्या तर तोच कोड दोघांना जातो आणि दुसरा ग्राहक रास्तपणे वाद घालतो.

ईमेलमध्ये कोड उघडा लिहू नका. ईमेलमध्ये फक्त लिंक पाठवा. ग्राहकाने लॉगिन करून "कोड दाखवा" दाबलं की मगच कोड दिसावा, आणि त्या क्षणाची वेळ, आयपी पत्ता आणि उपकरणाची ओळख नोंदवली जावी. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. "ईमेल पाठवला" एवढ्यावर बँकेचं सहसा समाधान होत नाही. कोड कोणी, कधी, कुठून उघडला ही नोंद त्याहून कितीतरी भक्कम. त्यावर वितरकाकडून मिळालेली "अमुक वेळी रिडीम झाला" ही नोंद जोडली तर बाजू आणखी पक्की. वितरकाशी करार करतानाच विचारून घ्या की रिडीमची स्थिती कळेल का आणि न वापरलेला कोड रद्द करता येतो का. दोन्हींना नकार असेल तर मी दुसरा वितरक शोधेन.

कार्ड टेस्टिंगही विसरू नका. चोरलेल्या कार्ड क्रमांकांची यादी घेऊन सर्वांत छोट्या किमतीच्या कोडावर एकामागून एक कार्ड चालवून बघतात. एकाच उपकरणावरून तासाभरात तीन वेगवेगळी कार्डं नाकारली गेली की ते उपकरण थांबवा. नकाराचं कारणही पडद्यावर दाखवू नका. "सीव्हीव्ही चुकला" आणि "शिल्लक अपुरी" हा फरक कळला की चोराचं अर्धं काम तुम्हीच करून दिलंत. शिवाय नाकारलेल्या प्रत्येक प्रयत्नाचंही शुल्क काही गेटवे लावतात.

कोड_काउंटर

कार्डाचं कळलं. वॉलेट आणि बँक ट्रान्सफर मग त्यातल्या त्यात बरे का? पेपलमध्ये विक्रेत्याला संरक्षण असतं असं वाचलं होतं.

हिशोबनीस

पेपलचं विक्रेता संरक्षण गिफ्ट कार्डासारख्या रोख रकमेसमान वस्तूंना लागू नाही. खरेदीदाराला वाद उघडायला मात्र १८० दिवस मिळतात, म्हणजे कार्डापेक्षाही जास्त. "मित्र आणि कुटुंब" प्रकाराने पैसे घेतले तर सुटका, असा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नका. धंद्यासाठी तो पर्याय वापरणं त्यांच्या नियमांत बसत नाही, आणि पाठवणाऱ्याचं खातं चोरलेलं निघालं तर ते पैसेही परत घेतले जातात.

बँक ट्रान्सफरमध्ये चार्जबॅक नसतो हे खरं. पण पैसे एखाद्या फसवलेल्या माणसाच्या खात्यातून आले असतील तर तक्रारीनंतर तुमचं खातं गोठवलं जाऊ शकतं, आणि अडकते ती सगळी शिल्लक. पाठवणाऱ्याचं नाव आणि तुमच्याकडच्या ग्राहकाचं नाव जुळत नसेल तर कोड देऊ नका, पैसे आले त्याच खात्यात परत पाठवा. दुसऱ्या खात्यात परत मागितले तर तो सापळा समजा. पेमेंटच्या स्क्रीनशॉटवर तर कधीच विसंबू नका, स्वतःच्या खात्यात जमा झालेलं बघा.

खात्यातून थेट वसुलीचा पर्याय कोणी सुचवला तर तोही टाळा. युरोपातल्या सेपा डायरेक्ट डेबिटमध्ये खातेदार ८ आठवड्यांपर्यंत कारण न देता पैसे परत मागू शकतो, आणि परवानगीच नव्हती असं म्हटलं तर १३ महिन्यांपर्यंत. गिफ्ट कोडाला हे झेपणारच नाही.

वाद_फाईल

चार्जबॅक आल्यावर काय, हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

खऱ्या कार्डधारकानेच कोड वापरून "मी घेतलाच नाही" म्हटलं, तर व्हिसात २०२३ च्या एप्रिलपासून एक चांगली वाट आहे. त्याच कार्डावरचे आधीचे किमान दोन व्यवहार दाखवायचे. ते वादाच्या तारखेच्या १२० ते ३६५ दिवस आधीचे आणि फसवणुकीची तक्रार नसलेले हवेत. वादातल्या व्यवहाराशी किमान दोन खुणा जुळाव्या लागतात, आणि त्यातली एक आयपी पत्ता किंवा उपकरणाची ओळख असावीच लागते. म्हणजे या नोंदी निदान वर्षभर जपून ठेवायला हव्यात. नव्या ग्राहकाच्या बाबतीत ही वाट बंद आहे. त्यासाठी पहिल्या खरेदीवर मर्यादा घाला: एकच कोड, मधल्या किमतीचा, पुढचा २४ तासांनी. महिना-दोन महिने वाद न आल्यास मर्यादा वाढवा.

चार्जबॅकच्या संख्येवरही डोळा ठेवा. मास्टरकार्डच्या हिशोबात महिन्याला १०० चार्जबॅक आणि प्रमाण १.५ टक्के, या दोन्ही रेषा ओलांडल्या की विक्रेता देखरेखीखाली जातो आणि दंड सुरू होऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे जादा चार्जबॅकमुळे करार तुटला तर नाव "मॅच" यादीत जातं आणि तिथे ५ वर्षं राहतं. ती यादी बँका तपासतात, त्यामुळे दुसरा गेटवे मिळणं फार अवघड होतं.

थ्रीडी_खिडकी

आणखी एक प्रकार, ज्यात तांत्रिक तपासणी सगळी पास होते. कार्ड खरं, माणूस खरा, ओटीपीही त्यानेच टाकलेला. फक्त फोनवर कोणीतरी अधिकारी किंवा तंत्रज्ञ बनून त्याला सांगत असतो की दंड किंवा फी गिफ्ट कोडने भर. कोड वाचून दाखवला की पैसे गेले. वादात तुम्ही कदाचित जिंकाल, पण त्या माणसाची आयुष्यभराची बचत गेलेली असते. विक्रेता इथे खरंच काही करू शकतो.

खुणा ओळखीच्या आहेत: आजच उघडलेलं खातं, सर्वांत मोठ्या किमतीचा कोड, आणि लगेच तोच पुन्हा पुन्हा. अशी ऑर्डर आली की पेमेंटच्या आधी पूर्ण पडद्यावर ठळक प्रश्न दाखवा: "हा कोड घ्यायला तुम्हाला कोणी फोनवर सांगितलं आहे का? कोणतंही सरकारी कार्यालय किंवा बँक गिफ्ट कोडने पैसे घेत नाही." "हो" म्हटलं तर ऑर्डर तिथेच थांबवा. "नाही" म्हटलं तरी मोठ्या रकमेचा कोड काही तास रोखा, आणि तेवढ्या वेळात एका क्लिकवर ऑर्डर रद्द करायची सोय द्या. उशीर होणार हे पैसे घेण्याआधीच स्पष्ट लिहा, म्हणजे "माल मिळाला नाही" हा वाद त्यातून उभा राहणार नाही.