अनुभव धागा : ‘इन्टू द ब्रीच’ तुम्हांला का धरून ठेवतो?

जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस या दोघांच्या ‘सबसेट गेम्स’ने २०१२ मध्ये ‘एफटीएल’ हा व्हिडिओ गेम आणला आणि २०१८ च्या फेब्रुवारीत ‘इन्टू द ब्रीच’ हा डावपेचांचा खेळ. आठ बाय आठ घरांचा पट, आपले तीन मेक (आत चालक बसलेली अवाढव्य लढाऊ यंत्रे), जमिनीतून वर येणारे ‘वेक’ नावाचे अजस्र किडे आणि त्यांच्यापासून वाचवायच्या इमारती, एवढाच हा पसारा. तरीही तो सुटत नाही, असे अनेक जण सांगतात. आपापले अनुभव सविस्तर लिहावेत. न आवडल्याचेही चालतील.

*

नेम नव्वद टक्के असल्याचे दाखवून ऐन वेळी हुकवणारे डावपेचांचे खेळ मी वर्षानुवर्षे खेळलो आणि हरल्यावर दर वेळी नशिबाला बोल लावला. इथे ती पळवाटच नाही. कोणता किडा कुठे आणि किती जोराचा फटका मारणार, तेही कोणत्या क्रमाने, हे आपल्या चालीच्या आधीच पटावर दिसत असते. पहिले काही दिवस मी दिसेल त्या किड्याला मारत सुटलो आणि सपाटून हरलो, कारण इथे मारण्यापेक्षा सरकवणे मोलाचे आहे, हे माझ्या डोक्यात उशिरा शिरले.

ते शिरले तो प्रसंग सांगतो. एक किडा उजवीकडच्या इमारतीवर उठला होता आणि त्या इमारतीच्या खालच्या घरात दुसरा, आधीच जखमी झालेला किडा उभा होता. दोघांपैकी एकालाही मारणे मला शक्य नव्हते. सुमारे वीस मिनिटे नुसता पटाकडे पाहत बसल्यावर लक्षात आले, की तोफखान्याच्या मेकचा गोळा ज्या घरात पडतो त्याच्या चारही बाजूंच्या घरांत जे कोणी असेल ते बाहेर ढकलले जाते, म्हणजे गोळा रिकाम्या घरातही टाकता येतो. पहिल्या किड्याच्या वरच्या रिकाम्या घरात तो टाकला. किडा एक घर खाली सरकला, त्याच्या हल्ल्याची दिशा तीच राहिली आणि इमारतीसाठी उगारलेला फटका त्याच्याच सोबत्याला बसून तो मेला. मी चक्क खुर्चीतून उठून उभा राहिलो.

*

माझे थोडक्यात. २०२२ मध्ये नेटफ्लिक्समार्फत हा खेळ मोबाइलवर आला तेव्हा घेतला. बहुतेक लढाया पाच टर्नमध्ये संपतात, त्यामुळे ‘एवढीच एक’ म्हणायला सोपे जाते आणि झोपेचे खोबरे होते.

*

मी विरोधी सूर लावते. सगळेच आधी दिसत असल्यामुळे काही तासांनी मला लढाईपेक्षा पाटीवरचे गणित सोडवल्यासारखे वाटू लागले, आणि उत्तर सापडले नाही की ते मला सापडले नाही की मुळात नव्हतेच, या संशयाने जीव मेटाकुटीला येई. गंमत म्हणजे इमारतीला आपसूक वाचण्याची जी थोडी शक्यता असते (सुरुवातीला १५ टक्के), तेवढाच नशिबाचा तुकडा मला मनापासून आवडला. जाणकार त्यावर विसंबू नका म्हणतात. मी विसंबते.

*

माझ्या मते या खेळाची खरी पकड हरण्यात आहे. इमारतींना फटके बसतील तसतसे घटणारे वीजजाळे शून्यावर आले की जग बुडते, पण एक चालक काळाच्या भगदाडातून दुसऱ्या कालरेषेत उडी मारतो आणि कमावलेला अनुभव सोबत नेतो. म्हणून माणसे जपली जातात. हल्ला करण्याआधी नुसती हालचाल हवी तितक्या वेळा मागे घेता येते. संपूर्ण टर्न परत खेळण्याची सोय मात्र एका लढाईत एकदाच मिळते. ती मी परवा दुसऱ्याच टर्नला, एका इमारतीसाठी, घाईघाईने वापरून टाकली. चौथ्या टर्नला मीच ढकललेला किडा माझ्याच मेकवर जाऊन आदळला, त्याच्या जीवाचा उरलेला एकुलता एक ठिपका गेला आणि पाच मोहिमा सोबत असलेली चालक गेली. बटण तिथेच होते, करड्या रंगाचे. मी त्यावर दोनदा बोट दाबून पाहिले.