कमी तेलातलं सॅलड ड्रेसिंग: आंबटढाण आणि पाणचट न होता कसं करायचं?

हिरवापाला
सॅलड जवळपास रोज होतं. ड्रेसिंग घरीच करायचं आहे, पण तेल आटोक्यात ठेवून. नेहमीचं प्रमाण तीन भाग तेल, एक भाग व्हिनेगर. त्यातलं तेल एका भागावर आणलं की चव आंबटढाण होते आणि ड्रेसिंग पानांना न लागता भांड्याच्या तळाशी जमतं. मेयोनेज नको, तयार 'लाइट' बाटल्याही नकोत. ब्लेंडर आहे, ग्रॅमचा काटा आहे. एकदा करून तीन-चार दिवस पुरेल असं हवं. दह्याचं, बिनदह्याचं, दोन्ही चालेल. नुसती पाककृती नको, बिघडतं कुठे तेही सांगा.

मोजूनमापून
तेल काढलंत, व्हिनेगर तेवढंच ठेवलंत, तिथेच गणित बिघडलं. ३ चमचे तेल आणि १ चमचा व्हिनेगर (आम्लता ५ टक्के) म्हणजे सगळ्या मिश्रणात आम्लता सव्वा टक्का. तेल १ चमच्यावर आणलं की तीच अडीच टक्क्यांवर जाते. वर आंबटपणा बोथट करणारी चरबीही कमी झालेली. म्हणून जेवढं तेल काढाल तेवढी जागा दुसऱ्या कशाने तरी भरायची. साध्या पाण्याने भरलीत तर आंबटपणा जागेवर येईल, पण पानांना काही लागणार नाही. पाण्याला अंग द्यायला हवं. सगळ्यात सोपी म्हणजे कॉर्नफ्लोअरची पातळ खळ.

कॉर्नफ्लोअर चहाचा १ सपाट चमचा, गार पाणी १२० मिली. गार पाण्यातच नीट कालवा, मग मध्यम आचेवर ढवळत राहा. पांढुरकेपणा जाऊन काचेसारखी दिसायला लागली की आणखी १ मिनिट उकळू द्या आणि उतरवा. कच्ची राहिली तर पिठूळ लागते. पूर्ण गार होईपर्यंत तिच्यात व्हिनेगर किंवा लिंबू घालू नका. आंबट घालून उकळलं की स्टार्चच्या साखळ्या तुटतात आणि खळ पुन्हा पाण्यासारखी होते.

आता ड्रेसिंग. व्हिनेगर ३० मिली, मीठ २ ग्रॅम (चहाच्या चमच्याचा तिसरा हिस्सा), मध चहाचा १ चमचा. मीठ विरघळेपर्यंत ढवळा. मीठ तेलात विरघळत नाही, त्यामुळे ते आधी आंबटातच जायला हवं, नाहीतर खाताना मध्येच खारट कण लागतो. मग मोहरीची तयार पेस्ट चहाचा १ चमचा. तिच्यानंतर तेल १५ मिली, बारीक धारेने, फेटत फेटत. शेवटी गार खळ ६० मिली. उरलेली खळ फ्रिजमध्ये दोन दिवस राहते.

एवढ्याचं साधारण ११५ मिली होतं, एकूण १६० कॅलरींच्या आसपास. म्हणजे १५ मिलीच्या मोठ्या चमच्याला २० ते २१. तीनास एक प्रमाणात तोच चमचा ९० च्या घरात जातो. आम्लता मात्र दोन्हीकडे जवळपास सारखीच, सव्वा टक्क्याच्या आसपास.

चव चमच्याने बघू नका, पानाने बघा. पान बुडवून उभं धरा. पानभर पातळ चकाकी राहून टोकाशी एखादाच थेंब सावकाश जमत असेल तर दाटपणा बरोबर. ओघळ होऊन मधे मधे पान कोरडं दिसलं तर खळ आणखी चमचाभर.

सपक_नको
मग तेल पूर्णच काढलं तर? भाज्यांचं गाळलेलं सूप, व्हिनेगर, मोहरी आणि थोडा सोया सॉस एवढ्यावर उत्तम चालतं. चमच्याला ५ कॅलरीसुद्धा होत नाहीत.

मोजूनमापून
चालतं, पण मी सुचवणार नाही. पालेभाज्या, गाजर, टोमॅटो यांतली कॅरोटिनॉइड्स (शरीराला उपयोगी पिवळी-लाल रंगद्रव्यं) चरबीत विरघळणारी आहेत. जेवणात अजिबात चरबी नसेल तर ती शरीरात फारच थोडी शोषली जातात. सोबत अंडं, सुकामेवा किंवा चीज असेल तर प्रश्न नाही. नुसताच पाला असेल तर ताटामागे निदान चहाचा एक चमचा तेल राहू द्या, त्याच्या ४० कॅलरी होतात. दुसरं म्हणजे लसूण, मिरी, वाळवलेली पानं यांचा वास मुख्यतः तेलात उतरतो. बिनतेलाच्या ड्रेसिंगला पहिल्या घासाला चव असते आणि लगेच संपते, ती यामुळे.

सोया सॉसचंही लक्षात ठेवा. एका मोठ्या चमच्यात ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. तो घातलात तर वरचं मीठ पूर्ण काढा.

वजनकाटा
तेल कुठलं, यावरून उगीच डोकेफोड होते. कुठलंही तेल असो, ग्रॅमला ९ कॅलरी. ऑलिव्ह तेलाच्या बाटलीवर 'लाइट' लिहिलेलं असतं ते रंगाला आणि वासाला, कॅलरीला नव्हे. कमी तेलात काम भागवायचं तर उलट ठसठशीत वासाचं तेल घ्या. भाजलेल्या तिळाचं तेल चहाचा १ चमचा आणि बिनवासाचं २ चमचे एवढ्यात सगळ्या ड्रेसिंगला तिळाचा वास लागतो.

आणि खऱ्या कॅलरी शिरतात त्या 'पौष्टिक' वाटणाऱ्या जिनसांतून. ताहिनीचा (तिळाच्या पेस्टचा) मोठा चमचा ९० कॅलरी, शेंगदाण्याच्या बटरचा ९५. मधाचा चहाचा चमचा २१, पण बाटलीतून ओतला की तो कधीच एक चमचा राहत नाही. भांडं काट्यावर ठेवून शून्य करा आणि ७ ग्रॅमला थांबा.

खलबत्ता
लसूण आणि मोहरी या दोन्ही गोष्टींत आंबट *कधी* पडतं यावर सगळं आहे, आणि दोघींचा नियम नेमका उलटा आहे.

लसूण किसला की पेशी फुटून त्यातलं एन्झाइम काम सुरू करतं आणि तिखट उग्रपणा तयार होतो. आंबटात ते एन्झाइम ढेपाळतं. म्हणून पाकळी थेट लिंबाच्या रसात किसायची, १० मिनिटं ठेवायची. लसणाची चव राहते, झणका जातो. आधी किसून बाजूला ठेवला आणि नंतर लिंबू पिळलं तर उपयोग नाही, उग्रपणा तोवर तयार झालेला असतो. ११५ मिलीला एक लहान पाकळी पुरे. तेल कमी असलं की लसूण जास्त अंगावर येतो.

मोहरीची तयार पेस्ट नसेल आणि पूड वापरणार असाल तर उलट करा. पूड चहाचा १ चमचा, गार पाणी २ चमचे, १० मिनिटं झाकून ठेवा, मगच व्हिनेगर. झणका यायला पाणी आणि वेळ लागतो. आधीच व्हिनेगरमध्ये कालवली तर झणका येतच नाही, नुसता कडवटपणा राहतो. गरम पाण्यातही तेच. आणि मोहरी फक्त चवीला नसते. तिच्यातला बुळबुळीत अंश तेलाचे थेंब धरून ठेवतो. ती वगळलीत तर मिश्रण काही मिनिटांत फुटेल.

हिरवापाला
हे फारच उपयोगी आहे. दह्याचं सांगा ना कुणी. लो-फॅट दही ब्लेंडरमध्ये फिरवलं की ताकासारखं होतं आणि रात्रीत वर पाणी येतं. झँथन गम (दाटपणा आणणारी पूड) घालावा का?

दह्याचं_बोट
ब्लेंडर आधी बाजूला ठेवा, दोष त्याचाच आहे. दही म्हणजे प्रथिनांची नाजूक जाळी, तिच्यात पाणी अडकलेलं असतं. पात्याने जाळी फाटली की पाणी मोकळं. वाटण वेगळं करून घ्या आणि दह्यात हाताने, चमच्याने किंवा साध्या फेटणीने मिसळा.

लो-फॅट दही २०० ग्रॅम फडक्यात बांधून फ्रिजमध्येच दोन तास टांगा. पक्का चक्का नको, साधारण १३० ते १४० ग्रॅम उरलं की काढा. गळलेलं पाणी टाकू नका. ड्रेसिंग दाट झालं तर तेच परत घालायचं, नळाचं पाणी नव्हे. दह्यात लिंबाचा रस १५ मिली, तेल चहाचा १ चमचा, मीठ दीड ग्रॅम, मिरी, मोहरीची पेस्ट अर्धा चमचा. मोठ्या चमच्याला १५ ते २० कॅलरी पडतात. मेयोनेजच्या चमच्याला ९० ते १०० असतात. मीठ घातल्यावर थोडं पाणी सुटतंच. म्हणून तीन-चार दिवसांचं करायचं तर मीठ आणि लिंबू त्या त्या दिवशी घाला.

काकडी घालणार असाल तर किसून, मीठ लावून १५ मिनिटं ठेवा आणि मुठीत घट्ट पिळा. न पिळता घातली की सगळं पाणीच पाणी.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ताजा अननस, किवी, पपई दह्याच्या ड्रेसिंगमध्ये घालून ठेवू नका. त्यांतली एन्झाइम्स दह्याची प्रथिनं तोडतात आणि काही वेळात ते कडू होतं. फळाचा गर आधी दोन-तीन मिनिटं उकळून गार करून घातला तर काही होत नाही.

वजनकाटा
झँथन गम दह्यात कशाला? टांगलेल्या दह्याला गरज नाही. व्हिनेगरच्या ड्रेसिंगमध्ये मात्र खळीला चांगला पर्याय आहे: शिजवावा लागत नाही, आंबटाने बिघडत नाही, आणि खळ फ्रिजमध्ये तीन-चार दिवसांनी पाणी सोडायला लागते तसं याचं होत नाही.

प्रमाण २५० मिलीला चहाच्या चमच्याचा आठवा भाग, म्हणजे अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. १ ग्रॅमच्या खाली न दाखवणाऱ्या काट्यावर मोजायला जाऊ नका, मापाचा चमचा बरा. जास्त झाला की ड्रेसिंगला भेंडीसारखी तार येते आणि ती परत घालवता येत नाही, पातळ करत करत बादलीभर होतं. पाण्यावर नुसता भुरभुरवला की गुठळ्या होतात: बाहेरून ओल्या, आत कोरड्या, कितीही फेटा. आधी तेलात कालवून घ्या, मग ते तेल ब्लेंडर चालू ठेवून आंबट-पाण्यात सोडा. दहा मिनिटं थांबून दाटपणा बघा, लगेच बघून आणखी घालू नका.

ब्लेंडर वापरताना एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल असेल तर ते मात्र शेवटी हाताने. वेगाने फिरवल्यावर ते कडवट होऊ शकतं. अशा वेळी गम कालवायला बिनवासाचं तेल घ्या.

सपक_नको
कॉर्नफ्लोअरही नको, गमही नको असेल त्यांच्यासाठी: भाजलेली लाल ढोबळी मिरची. साल काळं होईपर्यंत भाजा, १० मिनिटं झाकून ठेवा, साल काढा, बिया काढा. गर १५० ग्रॅम, व्हिनेगर २० मिली, तेल १० मिली, मीठ, मिरी, सगळं ब्लेंडरमध्ये. गरालाच अंग असतं. मोठ्या चमच्याला १० ते १२ कॅलरी. साल काढताना मिरची नळाखाली धरू नका, भाजल्याची सगळी चव वाहून जाते.

मोजूनमापून
यात मध लागत नाही हेही चांगलं. मिरचीची गोडी पुरते.

आणि हिरवापाला, ड्रेसिंग तळाशी जमण्याचं अर्धं कारण पानांवरचं पाणी असतं. कमी तेलाचं ड्रेसिंग मुळात पाण्याचंच, ते ओल्या पानावर पसरत नाही, पातळ होऊन घरंगळतं. पानं धुऊन फिरकी टोपलीत दोनदा फिरवा, मधे पाणी ओता, मग कापडावर पसरून १० मिनिटं. १०० ग्रॅम पानांना २ मोठे चमचे. रुंद भांड्यात ड्रेसिंग आधी कडेने ओता, पानं वर, आणि हाताने खालून वर उचलत मिसळा. कोबी-गाजरासारख्या चिवट भाज्यांना १५ मिनिटं आधी लावलेलं चालतं, उलट बरं लागतं. कोवळ्या पानांना खायच्या वेळीच.

हिरवापाला
शेवटचं, टिकतं किती? आणि कोथिंबीर किंवा बेझिल घातलं की दुसऱ्या दिवशी रंग शेवाळी का होतो?

खलबत्ता
रंगाचं कारण आंबट. हिरव्या रंगातलं मॅग्नेशियम आम्लामुळे निघून जातं आणि तपकिरी-हिरवा रंग उरतो. खायला काही अपाय नाही, दिसतं वाईट. मूळ ड्रेसिंग बिनपानाचं ठेवा, पानं चिरून रोजच्या वाटणीत घाला.

खळीचं ड्रेसिंग फ्रिजमध्ये ४ दिवस. गमचं, बिनलसणाचं असेल तर आठवडाभर. दह्याचं ३ ते ४ दिवस, मिरचीचं ३. पाणी वेगळं दिसलं तर हलवून घ्या. वास बदलला, बुडबुडे आले किंवा झाकण फुगलं तर टाकून द्या. ऑलिव्ह तेल फ्रिजमध्ये गोठून पांढरे कण दिसतात. ते खराब झालेलं नसतं, बाटली १० मिनिटं बाहेर ठेवून हलवली की पूर्ववत.

मात्र नुसत्या तेलात कच्चा लसूण घालून ती बाटली ओट्यावर ठेवू नका, 'ड्रेसिंगला हाताशी असावं' म्हणूनसुद्धा. तेलाखाली हवा नसते, आंबटही नसतं, आणि अशा जागी बॉट्युलिझमचे जंतू वाढून विष तयार करू शकतात. वासाने किंवा चवीने ते कळतही नाही. लसूण लागेल तेव्हा किसा, आणि लिंबातच किसा.