व्हीलचेअरवाल्यांची 'पावलं' कोण मोजतंय?

चाकोरीबाहेर:
व्हीलचेअर वापरते. हौसेनं फिटनेस बँड घेतला. दिवसभर चाकं ढकलून खांदे भरून आले आणि रात्री अ‍ॅप म्हणतं, 'आज २१२ पावलं. उद्या थोडं जास्त चालू या!' ती २१२ बहुधा दात घासतानाची असावीत.

सुगम्यता म्हटलं की सगळे अक्षरं मोठी करायला धावतात. ते हवंच, पण गाडं त्याच्या आधीच अडतं: मोजायचं काय, हे ठरवताना. दहा हजार पावलांचा आकडा काही वेदवाक्य नाही. १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पेडोमीटरचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' असं होतं, तिथून तो रुळला. आणि अ‍ॅपलच्या घड्याळात २०१६ पासून पावलांऐवजी चाकांचे ढकल मोजायची सोय आहे. म्हणजे जमत नाही असं नाही. वेगळं 'दिव्यांग अ‍ॅप' नको, आहे तेच नीट करा.

कोडगा:
अ‍ॅप लिहून पोट भरतो, म्हणून बोलतो. चीड पटली, निष्कर्ष नाही पटला. पावलं काढून ढकल टाकले की झालं, इतकं ते सोपं नाही. मानेजवळ मणक्याला इजा झालेल्यांची नाडी व्यायामातही बऱ्याचदा १३०च्या वर जात नाही. आमचं कमाल नाडीचं सगळं गणित '२२० वजा वय' वर. त्यांना अ‍ॅप कायम 'अजून जोर लावा' म्हणणार. हे एकाच अ‍ॅपमध्ये कोंबलं तर त्याची गोधडी होते. जाणकारांनी स्वतंत्र अ‍ॅप करावं, तेच बरं.

तिरपागडा:
कोडगा, ते स्वतंत्र अ‍ॅप मी वापरलंय. दिसत नाही मला, मधुमेह आहे. अंधांसाठी खास होतं, छान होतं, दोन वर्षांत बंद पडलं. साखरेच्या सगळ्या नोंदी त्याच्याबरोबर गेल्या. वापरणारे मूठभर, मग सांभाळणार कोण?

आता सगळे वापरतात ते अ‍ॅप उघडलं की स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणतं: 'बटण. बटण. प्रतिमा. बटण.' ती 'प्रतिमा' म्हणजे माझा महिन्याचा आलेख! 'उपाशीपोटी १४२, कालपेक्षा १२ जास्त' एवढं एक वाक्य वाचून दाखवा, आलेख तुम्हालाच ठेवा.

धाकटी_लेक:
तिरपागडा +१, पण चाकोरीबाहेर यांच्याशी अर्धीच सहमत. बाबांना कंपवात आहे. वेदना नोंदवायला ० ते १० ची सरकपट्टी. बोट ४ वर नेतात, उचलताना ९ होतं. डॉक्टरांना वाटलं, दुखणं एकदम वाढलं. २०२३च्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये, म्हणजे वेबच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत, स्पष्ट आहे की ओढून करायच्या गोष्टीला नुसत्या टॅपचाही पर्याय हवा. अधिक-उणेची दोन मोठी बटणं, बस्स. पण 'आहे तेच नीट करा' म्हणत सेटिंगमध्ये सतरा खटके वाढवलेत, तर बाबा त्यातच हरवतील.

कोडगा:
आणि सुरुवातीलाच 'तुम्हाला कोणतं अपंगत्व आहे?' विचारायचं? ती माहिती उद्या विमावाल्यांच्या हाती लागली तर शिव्या आम्हालाच.

चाकोरीबाहेर:
अपंगत्व विचारा म्हटलं कोणी? 'चालता, की चाकं ढकलता?' एवढंच विचारा. कमाल नाडी माझी मला भरू द्या, डॉक्टरांनी सांगितलेली. लेकीचं मात्र खरं आहे, सतरा खटके मलाही नकोत.

कोडगा:
नाडीचा रकाना एका दिवसाचं काम आहे, मान्य. सरकपट्टीही बदलता येईल. बाकी एकच अ‍ॅप सगळ्यांना पुरेल हे मला अजूनही पटलेलं नाही.

तिरपागडा:
नका पटवून घेऊ. आलेख कधी बोलेल, ते सांगा.