मदत हवी आहे: ६ वर्षांच्या मुलीला दारूबद्दल खरं कसं सांगायचं?

मुलगी ६ ची, मुलगा ९ चा. नवरा महिन्यातनं एकदोनदा घरीच बिअर घेतो, व्यसन वगैरे प्रकार नाही. आत्तापर्यंत "मोठ्यांचं सरबत" म्हणून वेळ मारून नेली, पण परवा तिने ग्लासाला नाक लावलं आणि म्हणाली हे सरबत नाहीये, तुम्ही खोटं बोलता. मग मी "ते वाईट असतं" म्हटलं तर लगेच, मग बाबा वाईट आहेत का?

पोराला सांगून झालंय की दारूने मेंदूचं काम मंदावतं म्हणून तोल जातो, बोलणं अडखळतं आणि लहान शरीराला थोडीसुद्धा जास्त बाधते. त्याला पटलं, पण तो विचारतो बाबांच्या मेंदूला नाही का होत काही? आता जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२३ मध्ये सांगितलंय की कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही, मग "थोडी चालते" कुठल्या तोंडाने म्हणू?

बाटल्या कुलपात असतात, ते सुचवू नका. नवरा सोडणार नाही (ते भांडण वेगळं), आणि लपून पिणं मलाच नकोय. बाबांना व्हिलन न करता आणि खोटंही न बोलता, तुम्ही एवढ्या लहान मुलांना नेमक्या कुठल्या शब्दांत सांगितलंत?