मदत हवी आहे: अमरावती, शेगाव की पुण्याचं कॉलेज?

नमस्कार मंडळी. आम्ही दर्यापूर तालुक्यातले, घरी कापूस-सोयाबीनची शेती. लहान बहिणीची सीईटी झाली, पर्सेंटाइल चांगले आहेत, आणि आता कॅपचा, म्हणजे इंजिनीअरिंगच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, पसंतीक्रम भरायचा आहे. तिला कॉम्प्युटर हवंय.

वहीत तिने पहिल्या नंबरला अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी लिहिलं, दुसऱ्याला शेगावचं गजानन महाराज. काकांनी पेन घेऊन दोन्हींच्या वर पुण्यातलं एक खासगी कॉलेज लिहिलं. म्हणे, "विदर्भातल्या पोरांना कंपन्या विचारत नाहीत, पुण्याचं नाव पाहिजे." गावात सगळे हेच म्हणतात. पण त्या कॉलेजाचं नाव मी तरी याआधी ऐकलं नव्हतं. उलट अमरावतीचं कॉलेज १९६४ पासूनचं, शेगावचं १९८३ पासूनचं. नुसतं शहर पुणे म्हणून ते यांच्यापेक्षा सरस कसं? मला हे पटत नाही, पण घरात माझ्या शब्दाला वजन नाही.

पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो, म्हणून क्रम चुकायला नको.

इथे शिकून नोकरीला लागलेल्यांनी कृपया सांगा: मुलाखतीत कॉलेजचं गाव खरंच आडवं आलं का? कॅम्पसला कॉम्प्युटरसाठी कंपन्या येतात, की पुण्याला जाऊन स्वतःच शोधावं लागतं? आणि पुण्यात मुलीची खोली, मेस धरून महिन्याला किती लागतात? बाबांना आकडा दाखवावा लागेल. फॉर्मची मुदत जवळ आलीय, लवकर कळवा.