लक्षद्वीप सगळ्यांना खुलं करायचं का? मला तरी नको वाटतं

दर्यावर्दी:
जानेवारी 2024 ला पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले, फोटो आले, त्यावर मालदीवचे तीन उपमंत्री काहीबाही बरळले आणि निलंबित झाले, तेव्हापासून आपल्याकडे एकच टेप चालू आहे की मालदीवला कशाला जाता, लक्षद्वीप खुलं करा, तिथे जायला लागणाऱ्या परमिटची कटकट काढा. मला हे अजिबात पटत नाही. 36 बेटं, सगळी मिळून जमीन 32 चौरस किलोमीटर, म्हणजे बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या साधारण एक तृतीयांश. वस्ती फक्त दहा बेटांवर, आणि 2011 च्या जनगणनेत 64 हजार माणसं. नदी नाही, ओढा नाही, धरण नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, तेवढंच गोडं पाणी. मोटर लावून जोरात उपसलं की खारं वर येतं आणि विहीर गेली. अशा जागी गोव्यासारखी गर्दी नेऊन काय करणार आहात?

हिशोबी_माणूस:
आला शहरी माणसाचा निसर्गप्रेमाचा उमाळा! तुम्ही एसीत बसून ठरवणार की तिथल्या पोरांनी जन्मभर टूना पकडायचा आणि नारळ फोडायचे. तिसरा पर्याय सरकारी नोकरी, ती किती जणांना मिळणार? पेशंट सिरियस झाला की हेलिकॉप्टरने कोचीला न्यावा लागतो, आणि चांगलं हॉस्पिटल चालवायचं तर पैसा लागतो. मालदीवने 1972 ला टुरिझम सुरू केला तेव्हा त्यांच्याकडेही मासेमारीच होती, आज 20 लाखांच्या वर टुरिस्ट येतात वर्षाला. आपण काय फक्त जपून ठेवायचं का?

रीफवाली:
@हिशोबी_माणूस मालदीवचं अर्धंच सांगितलंत की. 2009 पर्यंत तिथे रिसॉर्ट वेगळ्या बेटांवर आणि गावं वेगळ्या बेटांवर, गावातल्या माणसाला स्वतःचं गेस्टहाऊससुद्धा काढता येत नव्हतं. पैसा आला पण गावात किती पोचला हा प्रश्न होताच. आणि कचरा? मालेजवळ थिलाफुशी म्हणून आख्खं बेट कचऱ्याच्या भरावावर उभं आहे. डिसेंबर 2014 ला मालेतल्या पाण्याच्या प्लांटला आग लागली तर राजधानी कोरडी पडली आणि आपल्या एअरफोर्स-नेव्हीने पाणी नेऊन दिलं. ही तुमची प्रगती.

दुसरं म्हणजे लोक प्रवाळाला शोभेची वस्तू समजतात. अहो ही बेटंच त्याच्या चुऱ्याची आहेत, वाळू तिथूनच येते, आणि समुद्राची लाट आधी प्रवाळाच्या भिंतीवर फुटते म्हणून आत गाव टिकतं. 1998, 2010, 2016 ला समुद्र तापून तिथलं प्रवाळ पांढरं पडलं. त्यात टुरिझमचा काही दोष नाही हे मी आधीच कबूल करते, पण आजारातून उठणाऱ्याच्या अंगावर सांडपाणी आणि बांधकामाचा गाळ ओतायचा का, एवढंच विचारतेय. बंगारामजवळचं परळी-1 नावाचं बेट झिजून संपल्याचं 2017 ला बातम्यांत आलंच होतं.

तारकर्ली_रिटर्न:
दोघांचंही थोडं थोडं पटतंय पण मधला रस्ता आहे ना. आमच्याकडे मालवण-तारकर्लीला न्याहारी निवास योजनेत लोकांनी घरातल्याच दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या, सोलकढी-मासे घरचेच, पैसा घरात. तसं तिकडे करा. मोठं हॉटेल आलं की स्थानिक माणूस वॉचमन होतो.
घारापुरीचं बघा. 1987 ला जागतिक वारसा झालं, गेटवेवरून रोज बोटी भरभरून माणसं, आणि गावात वीज आली 2018 ला! टुरिझम आला की आपोआप विकास होतो म्हणणाऱ्यांना एकदा त्या बोटीत बसवा.

हिशोबी_माणूस:
घारापुरीची वीज हा सरकारचा नालायकपणा झाला, टुरिझमचा काय संबंध? आणि होमस्टेमधलं सांडपाणी काय आकाशात जातं का? शंभर घरांचे शंभर शोषखड्डे त्याच वाळूत, म्हणजे त्याच गोड्या पाण्यात. उलट एका मोठ्या हॉटेलला एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) लावायची सक्ती करता येते, तपासता येते. हे कोणी बोलत नाही कारण मोठं हॉटेल म्हटलं की आपल्याला व्हिलनच दिसतो.

रीफवाली:
हा मुद्दा बरोबर आहे, मान्य. घरोघरी शोषखड्डे हा तिथला खरा घोळ आहे, टुरिस्ट नसतानासुद्धा.

दर्यावर्दी:
मग आकडेच घेऊ. कदमत बेटावर गोडं पाणी करायचा प्लांट सुरू झाला, रोज दीड लाख लिटर. बेटाची लोकसंख्या 2011 ला 5400 च्या आसपास, म्हणजे माणशी साधारण 28 लिटर. त्याच कदमतवर 110 खोल्यांचं ताज रिसॉर्ट जानेवारी 2023 ला जाहीर झालंय, सुहेली बेटावर अजून 110. खोलीत दोन माणसं धरा, शॉवर, लॉन्ड्री, पूल मिळून माणशी 400 लिटर धरा (माझा अंदाज, कमी करायचा तर करा), एका रिसॉर्टला 88 हजार लिटर रोज. गावाच्या वाट्याच्या निम्म्याहून जास्त, 220 पाहुण्यांना.

प्लांटवाला:
इतकी वर्षं याच धंद्यात आहे म्हणून बोलतो. गावचं पाणी कोणी रिसॉर्टला देत नाही, ते स्वतःचा आरओ (समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लांट) लावतात, मालदीवमध्ये तेच चालतं. तेव्हा तुमचा भागाकार बरोबर पण लावला चुकीच्या जागी. खरा खर्च दोन ठिकाणी. एक डिझेल, कारण तिथली वीज मुख्यतः जनरेटरची आणि इंधन समुद्रातून येतं. दुसरं आरओतून उरलेलं जास्त खारट पाणी, ते उथळ लगूनमध्ये (प्रवाळाच्या भिंतीच्या आतल्या पाण्यात) सोडलं तर तिथेच साचून राहतं, भिंतीच्या बाहेर खोल समुद्रात पाइप टाकावा लागतो आणि त्याला पैसे पडतात. टेंडरमध्ये ही अट आहे की नाही हे विचारा, बाकी सगळी चर्चा नंतर.

रीफवाली:
वा, हे कामाचं. त्यात एक भर घाला. तिथला टूना जाळ्याने नाही, गळाने एकेक पकडतात, आणि त्याला लागणारं जिवंत आमिषाचं बारीक मासं लगूनमध्येच मिळतं. त्याच लगूनमध्ये खांब रोवून वॉटर व्हिला उभे केले तर एक धंदा आणताना दुसरा धंदा मारतोय आपण. मिनिकॉय बेटावरचं मासमीन (टूना उकडून, धूर देऊन, वाळवून करतात) काय इन्स्टाच्या रीलवर शिजणार आहे?

हिशोबी_माणूस:
ठीक, पण बंद ठेवा हे उत्तर नाही. फिलिपिन्समध्ये बोराकायचं काय झालं? सांडपाणी थेट समुद्रात सोडत होते, 2018 ला सहा महिने आख्खं बेट बंद केलं, मग एका वेळी 19,215 टुरिस्टची मर्यादा घालून उघडलं. थायलंडने माया बे हा बीच असाच बंद करून 2022 ला उघडलं. म्हणजे सुधारता येतं.

दर्यावर्दी:
घाण करून मग सुधारता येतं, हो. त्या सहा महिन्यांत तिथल्या वेटर-बोटवाल्यांनी काय खाल्लं ते पण लिहा की. आपल्याकडे परमिट आधीच हातात आहे, म्हणजे ती मर्यादाच आहे, ती आधी सोडायची आणि नंतर बोराकायसारखी परत घालायची हा कुठला हिशोब, हिशोबीराव?

तारकर्ली_रिटर्न:
मालदीवसारखा ग्रीन टॅक्स लावा. 2025 पासून मोठ्या रिसॉर्टमध्ये माणशी रोज 12 डॉलर घेतात. फक्त आपली जनता 30 रुपयांच्या पार्किंगला भांडते, तिथे काय करेल देव जाणे.

हिशोबी_माणूस:
टॅक्स चालेल. परमिटवरही संख्या ठरवा, मी कुठे नाही म्हणतोय. पण ती संख्या ठरवणार कोण? पुण्या-मुंबईचे आपण? की दिल्ली? 2021 ला विकास प्राधिकरणाचा मसुदा आला तेव्हा बेटावरचे लोक चिडले ते आम्हाला विचारलंच नाही म्हणून.

दर्यावर्दी:
तिथल्या द्वीप पंचायतींनी ठरवावी. पाणी त्यांचं, लगून त्यांचं.

हिशोबी_माणूस:
आणि पंचायतीनेच कंत्राटदाराशी सेटिंग केलं तर? आपल्याकडच्या ग्रामपंचायती बघितल्या नाहीत का कधी, डोंगर कुठे गेले विचारा.

रीफवाली:
बघितल्यात. म्हणून प्लांटवाल्या दादांची अट आधी. खारट पाण्याचा पाइप, एसटीपी आणि विहिरींच्या खारेपणाची दर महिन्याची नोंद पंचायतीच्या बोर्डावर सगळ्यांना दिसेल अशी लावा, खारेपणा वाढला की पुढच्या महिन्याची परमिटं कमी. सेटिंग करणाऱ्याला विहिरीशी कसं सेटिंग जमतं ते बघू.

हिशोबी_माणूस:
मीटरशी जमतंच की ताई. पण बरं, एवढ्यावर मी येतो.